वहीचे पहिले पान

नवी वही आणली की तिचे पहिले पान कोरे ठेवायचे, ही माझी लहानपणापासूनची खोड. त्या पानावर काही तरी चांगले लिहावे असे वाटत असते आणि ते चांगले काही लवकर सुचत नाही. मग आपण दुसऱ्या पानापासून सुरुवात करतो. माझ्या तिन्ही कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांची पहिली पाने अशीच कोरी राहिली आहेत. पण २०२५ च्या आषाढात एका वहीचे पहिले पान लिहिण्याचे काम माझ्यावर येऊन पडले, आणि त्या एका पानाने मला जेवढे छळले तेवढे तिन्ही कादंबऱ्यांनी मिळून छळले नसेल.

वही माझी नव्हती. आमच्या मंडळींची होती. आमची मंडळी कोण, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि कृष्णाकाठच्या या तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत चिकटलो. संगणक ही वस्तू मी लांबून, जरा भीतभीतच पाहत असे. चारेक वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो पुण्यात नोकरी करतो. त्याने पिशवीतून आपला संगणक काढला आणि मला एक गंमत दाखवली. पडद्यावर कोरा कागद होता. बाजूला कुंचले, रंगांच्या वड्या, रबर. लहान मुलांनी चित्रे काढावीत म्हणून कुणी परदेशी माणसांनी तो प्रोग्राम केला होता.

"कितीला पडतो हा?" मी विचारले.

"पैसे नाहीत, सर."

"म्हणजे फुकट!"

"फुकट नव्हे, सर. मुक्त."

मग त्याने मला समजावून सांगितले. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली जाहीर केले की, ज्याचे घडणे कुणालाही उघडून पाहता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी संगणकाची सगळी व्यवस्था आपण नव्याने उभी करणार. इंग्रजीत 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन्हींना एकच शब्द. त्यामुळे त्या बिचाऱ्याचा जन्म हा फरक सांगण्यात चालला आहे. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तरी आपण पहिलाच वापरतो! मी माझ्यापुरता त्याचा असा अर्थ लावला: शेजारणीने वाटीभर लोणचे दिले तर ते फुकट. पण लोणच्याबरोबर कृतीही सांगितली आणि वर म्हटले, "तुम्हांला आवडत असेल तर गूळ घाला, आणि आणखी चौघींना सांगा," तर ते मुक्त.

"याला मराठी शिकवायचे आहे," तो म्हणाला. "याचे सगळे शब्द एका यादीत काढून ठेवलेत. समोर मराठी शब्द लिहीत जायचे. तुम्ही कादंबरीकार. शब्द तुम्ही द्या."

कादंबरीकार म्हटल्यावर मी विरघळलो, हे सांगायला नकोच.

अशी आमची मंडळी जमली. माझा हा विद्यार्थी, वाचनालयाचे ग्रंथपाल, कॉलेजातल्या दोन मुली, आसपासच्या खेड्यांतले पाचसहा शिक्षक आणि अण्णा. अण्णा म्हणजे एका जुन्या छापखान्यातले निवृत्त कंपोझिटर. संगणकातले त्यांना काही कळत नाही, पण देवनागरी अक्षर कुठे मोडते आणि कुठे जुळते हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, बाजाराच्या दिवशी, वाचनालयाच्या माडीवर आमची बैठक भरे. हळूहळू तो प्रोग्राम मराठी बोलू लागला, आणि खेड्यांतल्या शाळांच्या संगणकांवरही जाऊन बसला.

आता संगणकाचे काम आणि त्याला वही कशाला, असे कुणी विचारील. आधी आम्ही मोबाइलवर गट काढून पाहिला. चार दिवसांत तो सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला गेला. तेव्हा ग्रंथपालांनी लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली आणि ती खालच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोरीने बांधून ठेवली. कामात कुणाला काही अडले तर त्याने कोणत्याही दिवशी यावे, वहीत लिहावे. दुसऱ्या रविवारी माझा विद्यार्थी पुण्याहून आला की त्याने वाचावे आणि उत्तर द्यावे. बाजाराला येणाऱ्या मास्तरांना ते सोयीचे होते.

पहिली वीसपंचवीस पाने मोठी देखणी होती. खाली प्रश्न, चार ओळी सोडून दुसरा प्रश्न; सोडलेल्या ओळींत उत्तर. पण सार्वजनिक वही म्हणजे गावातला पार. सावली दिसली की माणूस टेकतो! कुणी लिहिले, 'जुना प्रिंटर विकणे आहे.' कुणी आपल्या भाचीसाठी स्थळ विचारले. कुणी एस.टी.च्या वेळा बदलल्याबद्दल संताप ओतला. पाडव्याच्या शुभेच्छा आल्या, त्यांना उलट शुभेच्छा आल्या. माझ्या विद्यार्थ्याला उद्देशून 'अजून का झाले नाही?' अशी पत्रे आली. आणि अण्णा! अण्णा दर आठवड्याला येऊन समासात एक सुभाषित लिहून जात.

आषाढातल्या बैठकीत, १३ जुलैला, वही संपली. विद्यार्थ्याने नवी वही टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आता पहिल्या पानावरच लिहून टाकू या, ही वही कशासाठी आहे ते. म्हणजे घोटाळा होणार नाही."

सगळ्यांच्या माना डोलल्या. आणि सगळ्यांचे डोळे नकळत अण्णांकडे वळले. अण्णा धोतराच्या सोग्याने चष्मा पुशीत होते.

"लिहायचे सरांनी," कुणी तरी म्हणाले. मी ती वही, आणि संदर्भाला जुनी वही, बगलेत मारून घरी आलो.

रात्री जेवण झाल्यावर बसलो. मास्तरकीची सवय हाडात मुरलेली; लेखणी आपोआप चालू लागली. 'या वहीत पुढील गोष्टी लिहू नयेत. १. सुभाषिते. २. खरेदी-विक्री. ३. लग्नाची स्थळे...' पाहता पाहता अकरा कलमे झाली. मला आपलेच कौतुक वाटू लागले. समोर आमची सौभाग्यवती मेथी निवडीत बसली होती. तिला वाचून दाखवले.

"अहो, ही तर शाळेची भिंत झाली," ती म्हणाली. "काय लिहू नये ते कळलं. लिहावं काय?"

बायकांना असे प्रश्न कसे सुचतात कोण जाणे. मी कागद घडी करून ठेवला आणि विद्यार्थ्याला फोन लावला. "तुमच्या त्या जगात असे प्रसंग येत असतील ना रे?" मी विचारले. "तिथे काय करतात?"

तो हसला. म्हणाला, "सर, आमच्या जगाचा सगळा इतिहास म्हणजे हाच प्रसंग." आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली.

अॅमस्टरडॅममधले प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची एक छोटी संगणकप्रणाली तयार केली. जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवरून एका सामायिक जागी तिच्याविषयी लिहीत, विचारीत. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिथेच कळवले की, मीही हौसेखातर एक प्रणाली करतो आहे, फार मोठी काही होणार नाही. मिनिक्समधले तुम्हांला काय आवडते नि काय आवडत नाही ते सांगा. हीच ती लिनक्स. काही महिन्यांत मिनिक्सच्या वाड्यात लिनक्सचाच संसार दिसू लागला. मिनिक्सवाल्यांना ती गर्दी खटकू लागली. २९ जानेवारी १९९२ रोजी खुद्द प्राध्यापकांनी लिहिले की, लिनक्सची बांधणीच कालबाह्य आहे. पोराचे रक्त तापले. त्यानेही खरमरीत उत्तर दिले. मोठे वाजले! त्याच वर्षी लिनक्सवाल्यांनी बोलण्याची वेगळी चूल मांडली. पुढे त्या हौसेच्या कामाचे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची जी यादी निघते तिच्यातला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो.

"मग चूक कुणाची?" मी विचारले.

"बांधणीचा वाद दोघांचाही खरा होता, सर. जागा तेवढी एकाच घरात दोन बिऱ्हाडांची झाली होती."

मला माझे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. "म्हणजे अण्णांना एक वेगळी वही बांधून द्यावी!"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "सर, आधी जुनी वही एकदा पहिल्यापासून वाचाल का? मी सांगत नाही काही. वाचा फक्त."

दुसऱ्या दिवशी एकादशीनंतरच्या आळसात सुट्टी काढून बसावे तसा मी वही घेऊन बसलो. हातात पेन्सिल. जागा कुणी किती खाल्ली याचा हिशेब मांडायचा असे ठरवले. अण्णांची सुभाषिते मोजली. मोत्यासारखे बारीक अक्षर, समासात एकेक ओळ. सगळी मिळून तीन पाने भरली नसती. प्रिंटर, स्थळे, एस.टी., शुभेच्छा - सहा पाने. आणि मग पान ११८ पासून एका सलग, ठसठशीत, निळ्या शाईच्या अक्षराने माझी वाट अडवली. ते अक्षर माझे होते.

विषय होता एका शब्दाचा. चित्र काढताना चूक झाली तर शेवटची कृती रद्द करणारे एक बटण असते. त्याला इंग्रजीत 'अनडू' म्हणतात. कॉलेजातल्या मुलींनी 'पूर्ववत करा' असे सुचवले होते. मला ते बोजड वाटले. मी 'माघार' सुचवले. एका मास्तरांनी हरकत घेतली की माघार हा शब्द पराभवाचा आहे. मग मी जो सुटलो! शिवकालापासून सुरुवात केली. माघार घेणे हे शहाणपण कसे, हे सांगितले. मराठीच्या तेजाविषयी लिहिले. परभाषेच्या सावलीत वाढणाऱ्या खुरट्या शब्दांविषयी लिहिले. आज वाचताना एकदोन वाक्ये मला खरेच चांगली वाटली, म्हणजे पाहा! साडेनऊ पाने झाली होती.

माझ्या विद्यार्थ्याने पुढे मला सांगितले की या रोगाला त्यांच्यात नाव आहे: सायकलींची शेड. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली एका सभेची थट्टा लिहिली होती. अणुभट्टीचा प्रचंड खर्च सभासद अडीच मिनिटांत मंजूर करतात, कारण ती कुणालाच कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र पाऊण तास वाद घालतात, कारण शेड सर्वांनाच कळते. फ्रीबीएसडी नावाच्या मुक्त प्रकल्पात १९९९ साली असाच एका क्षुल्लक सुधारणेवरून वादाचा पूर आला. संगणकाला थांबायला सांगणारी एक आज्ञा आहे. तिला सेकंदाचे अपूर्णांक कळावेत की नाही, एवढाच प्रश्न. तेव्हा पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश गृहस्थाने सर्वांना पत्र लिहून ही शेड आठवून दिली. तेव्हापासून तो शब्द त्यांच्यात रुळला. माझी शेड साडेनऊ पानांची होती आणि मी तिला तुळशीवृंदावनापासून सगळे बांधले होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माझे लिहिणे पान ११८ वर सुरू झाले नव्हते. ते ११७ च्या तळाशी सुरू झाले होते. चार मोकळ्या ओळी दिसल्या, त्यांत मी बसलो होतो. त्या ओळी कुणी तरी उत्तरासाठी सोडल्या होत्या. त्यांच्यावर, शाळेतल्या फळ्यावर लिहावे तशा गोल अक्षरात, एक प्रश्न होता. तारीख ९ फेब्रुवारी २०२५.

'आमच्या तिसरीतल्या मुलीने डोंगरांचे चित्र काढले आहे. खाली डोंगरदऱ्या असे लिहायचे आहे. संगणक डोंगरदर्या असे लिहितो. मुलगी म्हणते, बाई, मी समुद्र काढलाच नाही. स्नेहसंमेलनात कोळीगीत केले होते, त्यामुळे दर्या तिला ठाऊक आहे. ती अडून बसली आहे. काय करावे? २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन आहे, चित्रे भिंतीवर लावायची आहेत. उत्तर लवकर मिळाल्यास बरे.'

खाली सही होती. डोंगरातल्या एका दोन शिक्षकी शाळेतल्या बाई. त्या दोन-तीनदा बैठकीला आल्याचे मला आठवले. परतीची एस.टी. साडेतीनची असल्याने नेहमी अर्ध्यातून उठून जात.

मी पुढे वाचू लागलो. पान १२७ वर, तारीख ९ मार्च, तेच गोल अक्षर. दोन मजकुरांच्या मध्ये एकच शब्द: 'उत्तर?' आणि त्याच्याखाली, निळ्या शाईत, मी: 'माझे उत्तर वर सविस्तर दिले आहे. माघार नाही!'

मला वाटले होते, वादातल्या कुणी तरी मला आव्हान दिले आहे!

त्यानंतर ते अक्षर वहीत कुठेही नव्हते.

मी परत पान ११७ उघडले. आता दिसले की प्रश्नाच्या बाजूला समासात पेन्सिलीची एक बारीक खूण आहे. मुद्रिते तपासणारा माणूस करतो तशी. आणि पुढे दोन शब्द: 'हे पाहावे.' अक्षर मोत्यासारखे. त्या दोनशे पानांत तो प्रश्न एकाच माणसाला दिसला होता, आणि माझ्या यादीतले पहिले कलम त्याच्यासाठी होते.

विद्यार्थ्याला फोन केला. प्रश्न वाचून दाखवला. "एवढंच?" तो म्हणाला, आणि मग एकदम गप्प झाला. "सर, शिफ्टचं बटण दाबून र. ज्या कळीवर र आहे तिच्यावरच शिफ्ट दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्याचा पाय मोडून पुढे य लिहिला की दऱ्या. साध्या र चा पाय मोडला की रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, आणि दर्या होतो. दोन मिनिटांचं काम होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "मीही चुकलो. एवढी पानं पाहून मी शेवटचीच दोन-चार वाचत होतो."

संध्याकाळी अण्णांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी अकरा कलमांचा कागद त्यांच्या हाती दिला. काय म्हणून दिला, सांगता येत नाही. अपराध कबूल करायचा असेल तर पुरावा स्वतःच नेऊन द्यावा, असे काहीसे मनात असावे. त्यांनी पहिले कलम वाचले, हसले आणि कागद परत केला.

"मास्तर, त्या बाईंचा प्रश्न मला कळला होता," ते म्हणाले. "आमच्या वेळी त्या अर्ध्या ऱ चा खिळाच वेगळा असे. आचार्य जुळवायचा की आचारी, हे नवशिक्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवीत. नाही तर पत्रिकेत आचार्यांना पंगतीला वाढायला लावायचा तो! पण संगणकात तो खिळा कुठल्या घरात ठेवलाय, ते मला कुठं ठाऊक? म्हणून खूण केली."

"मला हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही लिहीत होता," अण्णा म्हणाले.

त्यांच्या मनात टोमणा नव्हता. म्हणूनच तो मला लागला.

मग तेच सांगू लागले, "आमच्या छापखान्यात मालकांनी पाटी लावली होती, 'गप्पा मारू नयेत.' सगळ्यांत जास्त गप्पा तिच्याखालीच चालत. पण आलेल्या प्रत्येक कामाला एक चिठ्ठी असे. काम कुणाचं, कोणत्या दिवशी द्यायचं. त्या चिठ्ठ्या खिळ्याला अडकवलेल्या असत, आणि सर्वांत जुनी सर्वांत वर. पाटी कुणी पाळली नाही मास्तर. चिठ्ठी मात्र कुणी मोडली नाही."

घरी येताना ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले. पाटी म्हणजे मनाई. चिठ्ठी म्हणजे वचन. मला इतके दिवस वाटत होते की जागेचा हेतू स्पष्ट करायचा म्हणजे कुणाला बाहेर काढायचे ते ठरवायचे. बाईंना वहीतून कुणीच बाहेर काढले नव्हते. त्या आल्या, लिहून गेल्या, पुन्हा आल्या. आमच्या वहीने त्यांना कसले वचनच दिले नव्हते. मग मोडल्याची खंत तरी कुणाला वाटणार?

हे मी विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा त्याने डेबियनचे उदाहरण दिले. लिनक्सच्या आधाराने जगभरच्या स्वयंसेवकांनी उभा केलेला तो एक मोठा प्रकल्प. १९९७ साली त्यांनी एक करार लिहून काढला. त्यात पाहुण्यांना ताकीद नाही. वापरणाऱ्यांना दिलेला शब्द आहे. हे काम मुक्तच ठेवू, आमच्या अडचणी लपवणार नाही, वापरणाऱ्यांचे हित पुढे ठेवू, अशा धर्तीची मोजकी कलमे आहेत.

"पण एक सांगतो, सर," तो पुढे म्हणाला. "वचन देणाराही माणूसच असतो." आणि त्याने एक्सझेडची हकीगत सांगितली. माहिती दाबून लहान करणारा हा एक छोटा प्रोग्राम. लिनक्सच्या असंख्य संगणकांत तो असतो. तो वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळीत होता. २०२२ साली प्रकल्पाच्या सामायिक पत्रव्यवहारात काही नावांनी त्याच्यामागे तगादा सुरू झाला: काम का रखडले, झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने सांगून पाहिले की, माझे मन थकले आहे, आणि हे हौसेचे काम आहे. तगादा थांबला नाही. मदतीला आलेल्या एकाच्या हाती हळूहळू किल्ल्या गेल्या, आणि त्याने २०२४ साली प्रोग्राममध्ये एक चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी ती नावेही खोटीच असावीत, असे आता मानतात. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे उघडकीला आणले. अर्ध्या सेकंदावर जगाचे निभावले!

मला आमच्या वहीतल्या 'अजून का झाले नाही?' या ओळी आठवल्या. त्यांतल्याही दोन माझ्याच होत्या.

त्या रात्री मी पहिले पान लिहिले. सहा वाक्यांना तीन तास लागले. ते असे:

'ही वही अडलेल्या माणसासाठी आहे. प्रश्न उजव्या पानावर लिहावा. डावे पान उत्तरासाठी राखलेले आहे, तिथे दुसरे काही लिहिले जाणार नाही. प्रत्येक बैठकीत सर्वांत जुन्या प्रश्नापासून वाचन होईल, आणि उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही एवढे तरी लिहिले जाईल. उत्तर देणारे आपापले पोटापाण्याचे काम सांभाळून येतात. त्यांना आठवण करावी, तगादा लावू नये.'

मग वाटले, अण्णांच्या सुभाषितांचे काय? आणि माझ्या साडेनऊ पानांचे? माणसे एकत्र आली की बोलणारच. न बोलणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन काम केल्याचे मी तरी पाहिलेले नाही. शाळेत आपण सगळेच कच्चे काम वहीच्या मागल्या बाजूने करीत असू. म्हणून मी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहिले: 'सुभाषिते, शुभेच्छा, स्थळे आणि शब्दांचे वाद इकडून.' खाली पहिली ओळ अण्णांसाठी मोकळी सोडली.

श्रावणातल्या एका शनिवारी एस.टी.ने बाईंच्या शाळेत गेलो. सकाळची शाळा होती. गाडी घाट चढू लागली तशा दोन्ही बाजूंना हिरव्यागार दऱ्या उघडत गेल्या. ढग खाली आणि आपण वर. त्या मुलीने कशासाठी हट्ट धरला होता ते मला त्या खिडकीत कळले. दारातून पाय टाकला की जी दिसते, तिला समुद्र कोण म्हणेल?

बाईंनी मला ओळखले. मी उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले. पान ११७, चार ओळी, सगळे. त्या ऐकत राहिल्या.

"मला वाटलं, प्रश्नच फार साधा असेल," त्या म्हणाल्या. "म्हणून कुणी उत्तर दिलं नाही. मग पुन्हा विचारायची लाज वाटली, सर."

मी मास्तर आहे. वर्गात ज्या मुलाचा हात एकदा वर होऊन खाली गेला आणि पुन्हा कधी वर झाला नाही, अशी किती मुले माझ्या हातून गेली असतील, हे मी तेव्हा पहिल्यांदा मोजू लागलो. अजून मोजतो आहे.

भिंतीवर चित्र होते. फेब्रुवारीपासून तिथेच होते; कडा जरा वळल्या होत्या. हिरवे-निळे डोंगर, मध्ये खोल जांभळी रेघ. खाली छापील अक्षरे: 'डोंगरद', मग मोकळी जागा, मग 'या'. त्या मोकळ्या जागेत काळ्या पेनाने, हाताने, अर्धा ऱ भरलेला होता.

"ऐकलंच नाही तिनं," बाई हसून म्हणाल्या. "जागा सोड म्हणाली, मी लिहिते."

मुलगी आता चौथीत गेली होती. तिला बोलावले. मी शिफ्टचे बटण दाखवले. तिने एका बोटाने सावकाश शब्द लिहिला, पडद्याजवळ नाक नेऊन पाहिला, आणि मला म्हणाली, "आणि समुद्र काढला तर?"

"तर शिफ्ट सोडायचं."

तिने सोडून पाहिले. दर्या. पुन्हा धरून पाहिले. दऱ्या. एक बटण धरायचे की सोडायचे, एवढ्यावर समुद्राचा डोंगर होतो, ही गंमत तिला इतकी आवडली की तिने पाच-सहा वेळा ती केली. चुकले की ती रद्द करण्याचे बटण दाबीत होती. त्या बटणावर 'पूर्ववत करा' असे लिहिलेले होते. तिला ते मुळीच बोजड वाटत नव्हते. तिने ते वाचलेसुद्धा नव्हते. बाणाचे चित्र पाहून ती दाबीत होती.

निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. "दुसऱ्या रविवारी असता ना?" त्यांनी विचारले.

"असतो."

"मग येते. एक विचारायचं आहे. साधंच आहे."

जुनी वही आता वाचनालयाच्या कपाटात आहे. तिच्या पान ११७ वर उत्तराला जागा उरलेली नव्हती, म्हणून मी एक चिठ्ठी लिहून तिथे डिंकाने चिकटवली: 'शिफ्ट दाबून र.' बाईंनी चार ओळी सोडल्या होत्या. अर्धी पुरली.